पोथीचे शेवटचे पान

प्रवरेच्या काठी नेवासे येथे जो दगडी खांब ‘पैसाचा खांब’ म्हणून पूजिला जातो, त्याच्यासमोर उभे राहिले असता भाविकांच्या मनात ज्ञानदेव येतात, हे सर्वथा योग्यच आहे. मला मात्र दर खेपेस आधी आठवतात ते सच्चिदानंदबाबा, ज्यांनी ज्ञानदेवांच्या मुखातून आलेला शब्द लेखणीने उतरवून घेतला. त्यांचे नाव आणि शके १२१२ हा काळ, म्हणजे इसवी सनाचे १२९० वे वर्ष, या दोन्ही गोष्टी ज्ञानेश्वरीच्या अगदी अखेरीस नमूद आहेत. ग्रंथ कोणी केला, कोणी लिहिला, कोठे आणि केव्हा पुरा झाला, हे सांगणाऱ्या अशा समाप्तीच्या मजकुरास जुने लोक पुष्पिका म्हणत. प्राचीन वाङ्मयाच्या अभ्यासकाचा सर्व व्यवहार या पुष्पिकेवर चालतो, जसा कुळकर्ण्याचा दप्तरावर चाले.

हे सांगण्यास निमित्त झाले ते एका विद्यार्थिनीचे. पाथर्डीकडच्या एका खेड्यातून ती नगरास (सरकारदरबारी आता अहिल्यानगरास) एम.ए. करण्याकरिता आली होती. मध्ययुगीन मराठी वाङ्मयावर निबंध लिहावयाचा, पुस्तके विकत घेण्याची ऐपत नाही, आणि ग्रंथालयात हवी ती आवृत्ती सापडेलच असा भरवसा नाही. तेव्हा तिने आपल्या मोबाइलवर ज्ञानेश्वरी उघडली आणि त्यातील ओव्या उतरून घेतल्या. निबंध मला दाखविला तेव्हा मी विचारले, “बाई, ही ज्ञानेश्वरी कोणाची?” ती म्हणाली, “सर, ज्ञानेश्वरांचीच.” उत्तर चूक नव्हते, पण माझा प्रश्न प्रतीचा होता, आणि तिच्या पडद्यावरील मजकुराला पहिले पानही नव्हते व शेवटचेही नव्हते.

आता एवढे खरे की, आमच्या पिढीने ज्या ग्रंथांसाठी पुण्यामुंबईच्या वाऱ्या केल्या, ते आज घरबसल्या मिळतात. सन २००० नंतर भारत सरकारच्या साहाय्याने ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या नावाने देशभरातील ग्रंथालयांतील लक्षावधी पुस्तकांची पाने छायाचित्रित झाली. ते मूळ संकेतस्थळ पुढे बंद पडले, तरी त्यातील फार मोठा संग्रह ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर आधीच उतरवून घेतला गेल्यामुळे वाचला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो प्रकाशने संकेतस्थळावर विनामूल्य ठेविली आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती आज अक्षररूपाने संगणकावर शोधता येते, आणि जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाच्या ‘ग्रेटिल’ या संग्रहात संस्कृत ग्रंथांच्या संहिता मांडून ठेविलेल्या आहेत. संपत्ती अपार आहे; फक्त कोठीच्या किल्ल्या कोठे टांगल्या आहेत ते ठाऊक पाहिजे.

पहिली अडचण नावाची. या संग्रहांतील मराठी पुस्तकांची नावे ज्यांनी रोमन लिपीत नोंदविली, त्यांपैकी पुष्कळांना मराठी येत नसावे, असे मानण्यास भरपूर आधार आहे. एकच ज्ञानेश्वरी ‘ज’ने, ‘ड’ने आणि ‘ग’ने अशा तिन्ही अक्षरांखाली सापडते, दीर्घ स्वरांसाठी दोन दोन अक्षरे योजिलेली असतात, ग्रंथकाराच्या जागी ‘उपलब्ध नाही’ असा शेरा असतो, आणि मुखपृष्ठावर शके १८३२ छापले असेल, तर तोच आकडा इसवी सन समजून नोंदला गेल्यामुळे १९१० सालचे पुस्तक पेशवाई नुकतीच बुडाल्यानंतरचे ठरते. म्हणून ग्रंथाच्या नावाने न सापडल्यास संपादकाच्या नावाने शोधावे, त्यानेही न साधल्यास निर्णयसागर, आर्यभूषण अशा छापखान्याच्या नावाने शोधावे, आणि शकात ७८ मिळविण्याचे विसरू नये. नागरी लिपीतून शोधणाऱ्याने १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपूर्वीचे अनुस्वार ध्यानात ठेवावेत. ‘नेवासे’ लिहून जे मिळत नाही ते ‘नेवासें’ लिहून पुष्कळदा मिळते.

दुसरी अडचण अधिक गहन आहे. छापील पानाच्या छायाचित्रावरून यंत्र जेव्हा अक्षरे ओळखून मजकूर तयार करते, तेव्हा ते ‘ध’चा ‘घ’ करते, ‘भ’चा ‘म’ करते, ‘ष’ला ‘प’ समजते आणि ‘थ’ व ‘य’ यांत गोंधळ घालते. जुन्या हस्तलिखितांच्या संपादकांना या चुका पाहून हसू येईल, कारण दिव्याच्या उजेडात पोथी उतरणाऱ्या नकलनवीसांनी पाचसातशे वर्षे नेमक्या याच चुका केल्या आहेत. फरक इतकाच की, नकलनवीस कधी कधी अखेरीस आपल्या दोषांबद्दल वाचकाची क्षमा मागे. यंत्र ती मागत नाही. म्हणून मला मराठी ‘विकिस्रोत’चा रिवाज पसंत आहे: तेथे पुस्तकाच्या पानाचे चित्र एका बाजूस आणि टंकित मजकूर दुसऱ्या बाजूस असतो, एकाने तपासलेले पान दुसरा पुन्हा तपासतो, आणि शंका आल्यास वाचक स्वतः मूळ पानाकडे नजर टाकू शकतो.

ज्ञानेश्वरीच्या बाबतीत तर ही सावधगिरी चारशे वर्षांहून जुनी आहे. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली, निरनिराळ्या प्रती मिळवून ग्रंथाचा पाठ शुद्ध केला, आणि आपण काय केले व केव्हा केले हे ग्रंथाच्या शेवटी लिहून ठेविले. मराठीतील संपादनशास्त्राचा आरंभ मी तेथून धरतो. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी पाटांगण येथे मिळालेली एक प्रत एकनाथपूर्व मानून १९०९ मध्ये छापली. १९६० मध्ये शासनाने विद्वानांच्या समितीकडून आणखी एक आवृत्ती करविली. यांत पाठभेद आहेत, ओव्यांच्या संख्येत भेद आहेत, आणि भाषेच्या रूपांत तर फारच आहेत. आता गंमत अशी की, भारतीय कायद्याप्रमाणे ग्रंथकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी ग्रंथ मुक्त होतो. परिणामी विनामूल्य आणि मुबलक मिळतात त्या जुन्या आवृत्त्या, आणि गेल्या पन्नास-साठ वर्षांतील चिकित्सक संपादने बहुधा कुंपणाच्या पलीकडे राहतात. जो केवळ पडद्यावर अवलंबून राहील तो नकळत आपल्या पणजोबांच्या काळातील विद्वत्ता वाचीत राहील. ती विद्वत्ता थोर होती, यात शंका नाही. पण तिच्या पुढेही काही घडले आहे.

शब्दार्थाच्या बाबतीत मात्र आजचा विद्यार्थी आमच्यापेक्षा खरोखर भाग्यवान आहे. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई कोशांचे जे भांडार उघडले आहे, त्यात मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आहे, दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्राचीन मराठीचा कोशही आहे. त्या खांबाचेच नाव घ्या. ‘पैस’ म्हणजे विस्तार, मोकळी जागा. आपण ‘ऐसपैस’ बसतो तेव्हा हाच शब्द नकळत वापरतो. दुर्गाबाई भागवतांनी या शब्दावरून आपल्या ललितलेखसंग्रहाचे नाव ठेविले आणि १९७१ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तरी नेवाशास येणाऱ्या पुष्कळांस ‘पैस’चा संबंध पैशाशी असावा असे वाटते. कोश उघडण्यास अर्धे मिनिट लागते.

नेवाशाहून गोदावरीकाठी उत्तरेकडे सरकले की श्रीरामपूर तालुक्यात डोमेग्राम लागते, जेथे महानुभाव पंथाच्या चक्रधरांचा निवास झाला. महानुभावांचे वाङ्मय हे या जिल्ह्याच्या भूमीवर अक्षरशः चालत गेलेले वाङ्मय आहे: लीळाचरित्रात प्रसंग आहेत, आणि ‘स्थानपोथी’त ते प्रसंग कोणत्या गावी, कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेस घडले याची नोंद आहे, जणू मोजणीदाराने लिहिलेला चकबंदीचा कागद. हे सारे शतकानुशतके सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत बंद होते. सकळ लिपीचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी झाला, हरि नारायण नेने यांनी आणि पुढे १९७८ मध्ये वि. भि. कोलते यांनी लीळाचरित्र संपादिले. लीळाचरित्रकार म्हाइंभटांची मूळ प्रत धाडीत नष्ट झाली आणि शिष्यांनी ती स्मरणाने पुन्हा उभी केली, अशी पंथाची परंपरा आहे. तेव्हा येथे ‘मूळ पाठ’ असे म्हणणाऱ्याने दोनदा विचार करावा. सांकेतिक लिपीतील पोथीचे छायाचित्र पडद्यावर आले तरी कोणतेही शोधयंत्र तिच्यात शब्द शोधू शकत नाही. त्यासाठी गुरूजवळच बसावे लागते.

नगर म्हटले की निजामशाही आठवते, आणि निजामशाही म्हटले की लोक फारसी तवारिखांचाच विचार करतात. पण अहमदनगरच्या दरबारात संस्कृतही नांदत होते. दलपतिराज नावाचा पंडित निजामशहाच्या दप्तराचा अधिकारी होता, आणि त्याने ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड निबंध रचला. त्याचा हा हुद्दा आपल्यास कळतो तो ग्रंथाच्या पुष्पिकांवरून, ज्यांचा परामर्श महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात घेतला आहे. साबाजी प्रतापराज या बुऱ्हाण निजामशहाच्या आश्रिताने ‘परशुरामप्रताप’ लिहिला, आणि त्याचा माग भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी हस्तलिखितांच्या याद्या चाळून काढला. गोडे यांचे लेख त्या संस्थेच्या त्रैमासिकाच्या जुन्या अंकांत विखुरलेले आहेत आणि ते अंक आता पडद्यावर वाचावयास मिळतात. नगरच्या वाङ्मयीन इतिहासावर काम करणाऱ्याने माझ्या मते प्रथम तिकडेच वळावे. निजामशाहीच्या इतिहासाकरिता सय्यद अली तबातबाच्या ‘बुऱ्हान-इ-मआसिर’चा हेग यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ‘इंडियन अँटिक्वरी’च्या अंकांत सापडेल.

ताहराबादच्या महिपतींचा उल्लेख केल्याविना मात्र राहवत नाही. राहुरी तालुक्यातील हा अठराव्या शतकातील कुलकर्णी वतनदार, ज्याने दप्तराची लेखणी टाकून संतचरित्रांची हाती घेतली, १७६२ मध्ये ‘भक्तविजय’ पुरा करताना नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आपल्या दोन आधारांची नावे सांगतो. दप्तरी माणसाची सवय असावी: दाखल्याशिवाय नोंद नाही. या ग्रंथाचा जस्टिन ॲबट आणि नरहर गोडबोले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद १९३३ च्या सुमारास निघाला. ॲबटांचे वडील अमेरिकन मराठी मिशनचे, आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाले तेही याच मिशनकडून, याच नगरातून.

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी काम दिले ते भानुदत्ताच्या ‘रसमंजरी’चे. नायिकाभेदावरील या संस्कृत ग्रंथात निजाम राजाचे नाव येते, आणि तो अहमदनगरचा निजामशहा असावा असे अभ्यासक मानतात. शेल्डन पोलॉक यांनी २००९ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर केले. तिला ग्रंथ सापडला, टीकांची यादी सापडली, आणि तीत ‘व्यंग्यार्थकौमुदी’ नावाची टीका सापडली, १६३६ च्या सुमारास काशीत लिहिलेली. टीकाकार अनंत पंडित. ‘आर्यासप्तशती’वरील याच पंडिताची टीका निर्णयसागरच्या काव्यमालेत छापलेली आहे. काही दिवसांनी सायंकाळी तिचा फोन आला. आवाजात घाई होती. काशीत बसलेला हा माणूस आपले गाव गोदाकाठचे पुण्यस्तंभ म्हणून सांगतो, तर सर, हे गाव कोठले?

मी म्हणालो, दौंड-मनमाड मार्गावर आहे. शिर्डीचा फाटा तेथेच फुटतो. फलाटावर पाटी आहे, ‘पुणतांबा’.