रॅली निघाली, शेवटची गाडी पोचली का?

१९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी एक समिती नेमली होती. समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब खानदेशात गेले. परतीच्या वाटेवर चाळीसगावला उतरले, तेव्हा तिथल्या आपल्या लोकांनी आग्रह धरला की आजची रात्र आमच्या वस्तीत राहा. महारवाडा स्टेशनपासून फार लांब नव्हता, चालत जाता आले असते. पण आपले साहेब आलेत, त्यांना पायी कसे न्यायचे? टांगा पाहिजे. स्टेशनवरचा एकही टांगेवाला अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तोड निघाली. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा तुमचा तुम्ही आणा. मग टांगा हाकायची सवय नसलेला आपलाच एक माणूस पुढे बसला. टांगा आधी एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. नंतर नदीच्या मोरीवर चाक दगडाला धडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत गेले.

'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. टांगेवाल्यांच्या जातीच्या माजावर त्यांनी नेमके बोट ठेवले आहेच. पण आपल्या माणसांची चूकही त्यांनी झाकलेली नाही. माझा मान राखण्याच्या नादात माझ्या जिवाचा विचार मागे पडला, या अर्थाची त्यांची नोंद आहे. आपल्याकडे हा प्रसंग भाषणात नेहमी सांगितला जातो, मात्र सांगणारा टांगेवाल्यापाशी थांबतो. पुढचा भाग कोणी सांगत नाही.

तो पुढचा भाग मला दर डिसेंबरात आठवतो. कारण डिसेंबरात वस्तीवस्तीतल्या विहारांत १ जानेवारीच्या बैठका सुरू होतात. भीमा कोरेगावला किती गाड्या न्यायच्या, झेंडे किती, टी-शर्ट कोणत्या रंगाचे, स्टिकर कोण छापणार. त्यानंतर २० मार्चला महाड, मग १४ एप्रिलची जयंती. या बैठकांत सगळे ठरते. पुढे कोण चालवणार हेही ठरते, कारण पुढच्या गाडीचा फोटो येतो. सर्वांत मागे कोण चालवणार, हे मात्र मी एकाही बैठकीत ठरलेले ऐकले नव्हते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातून चौदा मोटारसायकली मानवंदनेला गेल्या होत्या. जाताना सगळे व्यवस्थित झाले. परत निघायला रात्र झाली. सर्वांत पुढे बुलेट, सर्वांत मागे एक जुनी शंभर सीसीची गाडी, तिच्यावर दोघे. पुढचा पोरगा जबाबदार होता, साठच्या वर गेला नाही, हे तो आजही शपथेवर सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण मागची गाडी त्या वेळी ऐंशीच्या आसपास होती. दिवस उसाच्या हंगामाचे. मागे लाल दिवा नसलेली, रेडियम नसलेली उसाची ट्रॉली अंधारात रस्त्यावर उभी होती. तेरा गाड्या बाजूने निघून गेल्या, चौदावी तिच्यात घुसली. पुढच्यांना हे कळले तेव्हा ते वीस किलोमीटर पुढे चहाच्या टपरीवर उभे राहून गाड्या मोजत होते. चालवणारा वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. मागे बसलेला बावीस वर्षांचा पोरगा वाचला नाही. त्याच्या डोक्याला फक्त निळा रुमाल बांधलेला होता.

पुढचा साठने चालला असताना मागचा ऐंशीवर का गेला? याचे उत्तर गटाने गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. समोर स्पीडब्रेकर आला की पहिली गाडी हळू होते आणि ओलांडून पुन्हा वेग घेते. दुसरी तोवर स्पीडब्रेकरवरच असते, तिला अंतर भरून काढायला थोडे जास्त पळावे लागते. तिसरीला आणखी जास्त. चौदाव्या गाडीपर्यंत हा ताण रबर ताणल्यासारखा वाढत जातो. मध्ये एखादा ट्रक घुसला की मागचे तुटतात, मग 'आपण राहिलो' या भीतीने जिवाच्या आकांताने पळतात. शिवाय आपल्याकडे पुढे असते चांगली गाडी आणि मागे असते हप्त्यावर घेतलेली किंवा मेहुण्याकडून आणलेली. म्हणजे ज्याची गाडी कमजोर, ज्याला सवय कमी, त्यालाच सर्वांत जास्त वेगाने पळावे लागते. समाजरचनेत जे चालते तेच रस्त्यावर. आपल्या रॅलीत तरी हे उलटे करता येते. नवख्या आणि कमजोर गाडीवाल्याला पुढाऱ्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरवर ठेवा. वेग त्याच्याप्रमाणे ठरू द्या. सर्वांत मागे सर्वांत अनुभवी माणूस ठेवा. त्याच्याजवळ पंक्चरचे सामान, प्रथमोपचाराची पेटी आणि चार्ज केलेला मोबाईल असावा. फोटोत तो येणार नाही, पण रॅली खऱ्या अर्थाने तोच चालवतो.

दुसरी गोष्ट अंतराची. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास सतरा मीटर जाते. समोरचा दिवा लाल झालेला डोळ्याला दिसून ब्रेकवर बोट जाईपर्यंतच एखादा सेकंद संपतो. म्हणून सरळ आपल्या पुढे असलेल्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे, म्हणजे तेहतीस-चौतीस मीटरचे अंतर हवे. आता चौदा गाड्या एकामागे एक या अंतराने चालल्या तर रांग चारशे मीटरच्या पुढे जाते. एवढी रांग कोणत्याही वाहनाला एका दमात ओलांडता येत नाही, ते मध्ये घुसणारच. त्यामुळे चौदांचे तीन गट करा, चार-पाचांचे. प्रत्येक गटाला आपला पुढचा आणि आपला मागचा. सरळ, रुंद रस्त्यावर पहिली गाडी आपल्या पट्ट्याच्या उजव्या अंगाने, दुसरी एक सेकंद मागे डाव्या अंगाने, तिसरी पुन्हा उजव्या अंगाने, अशी नागमोडी मांडणी ठेवावी. त्यामुळे रांग आखूड राहते आणि प्रत्येकाला समोर मोकळा रस्ताही दिसतो. वळणावर, घाटात, खडीवर, पुलावर मात्र एकामागे एक. भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शेजारी-शेजारी गप्पा मारत चालवणे कुठेच नाही. खड्डा आला तर सरकायला जागा राहत नाही.

आणि 'राहिलो तर?' या भीतीवर साधा उपाय आहे. प्रत्येकाने आपल्या मागच्या एकाच गाडीची जबाबदारी घ्यायची. आरशात ती दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा. फाट्यावर ती येईपर्यंत थांबायचे, मग वळायचे. हे साखळीने पुढाऱ्यापर्यंत पोचते आणि तो आपोआप हळू होतो. मार्ग आणि थांबे निघतानाच सर्वांना सांगितलेले असले की कोणाला पळत गाठण्याची गरज राहत नाही. आमच्या चौदा गाड्यांत हे ठरले असते तर वीस किलोमीटर पुढे जाऊन गाड्या मोजाव्या लागल्या नसत्या.

आता हेल्मेट. हा विषय काढला की तरुण नाराज होतात, भगिनीही होतात. पांढरी साडी, निळा फेटा, बुलेटवर बसलेली आपली लेक हे दृश्य बघून आमच्या पिढीच्या डोळ्यांत पाणी येते, हे मी नाकारत नाही. ज्या समाजाला टांग्यात बसू दिले नाही, ज्याच्या नवरदेवाची घोडी आजही काही गावांत अडवली जाते, त्या समाजाच्या मुलीने स्वतःच्या गाडीवर ताठ मानेने बसणे ही साधी गोष्ट नाही. पण फेटा डोके वाचवत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. त्यांत जवळपास ७५ हजार दुचाकीवरची होती. हेल्मेट नसलेले सुमारे ५० हजार, आणि त्यांतले १४ हजारांवर चालवणारे नव्हते, मागे बसलेले होते. हे केंद्र सरकारचेच आकडे आहेत. मागच्याला हेल्मेट कशाला, असे म्हणणाऱ्यांनी ते पुन्हा वाचावेत. फेटा पिशवीत न्यावा. मुक्कामी पोचल्यावर, गाड्या उभ्या करून, पायी मिरवणुकीत बांधावा. तिथे फोटोही चांगले येतात.

झेंड्याचेही तसेच. मागे बसलेल्याच्या हातातला आठ फुटी काठीचा झेंडा वाऱ्याने त्याला आणि गाडीलाही ओढतो, शिवाय मागून येणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतो. हमरस्त्यावर झेंडे गुंडाळून न्यावेत, गावात शिरल्यावर उघडावेत. गळ्यातला शेला, ओढणी, साडीचा पदर चाकात आणि चेनमध्ये अडकतो. त्यासाठीच साडीगार्ड गाडीला लावणे नियमाने सक्तीचे आहे, आणि तेच आपली पोरे गाडी 'स्पोर्टी' दिसावी म्हणून पहिले काढून टाकतात.

एका गाडीवर नवरा, बायको, दोन लेकरे अशी कुटुंबे १ जानेवारीला दरवर्षी दिसतात. त्यांना मी बेशिस्त म्हणणार नाही. जीपचे भाडे परवडत नाही, म्हणून ते गाडीवर येतात. हा प्रश्न त्यांना दंड करून सुटणार नाही, मंडळाने सोडवला पाहिजे. डीजेवर एका रात्रीत जो पैसा आपण उडवतो, त्यात प्रासंगिक करारावर एस.टी. मिळते. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया आणि परवाना नसलेली पोरे त्यात बसवा. अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, हे किती पालकांना माहीत आहे?

विम्याचे तर कोणी बघतच नाही. आपल्याकडे गाडीचा स्वस्तातला, फक्त कायद्यापुरता विमा काढतात. त्या विम्यात मागे बसलेल्याला भरपाई मिळत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल आहे. मागच्याला संरक्षण हवे तर पॅकेज पॉलिसी लागते. आमच्या त्या पोराची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला हे मुलाच्या मृत्यूनंतर, कागद घेऊन वकिलाकडे गेल्यावर कळले.

कोणी म्हणेल, नियम आपल्यालाच का शिकवता? सत्ताधाऱ्यांच्या रॅलीत हजार गाड्या बिनहेल्मेटच्या जातात, तिथे पोलीस सलाम ठोकतात. खरे आहे. पोलिसांचा हा दुजाभाव मीही पाहिला आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण उसाच्या ट्रॉलीने त्या रात्री कोणाचा झेंडा पाहिला नव्हता. १ जानेवारी २०१८ ला नगर रोडवर आपल्या माणसांच्या गाड्यांवर दगडफेक झाली, गाड्या जाळल्या गेल्या. तेव्हापासून 'एकटे जाऊ नका, गटाने जा' असे आपणच सांगतो, आणि ते बरोबरच आहे. मग गटाने कसे जायचे हे शिकवणेही आपलेच काम ठरते. चवदार तळ्यावरचे पाणी पिऊन परतणाऱ्या आपल्या लोकांवर १९२७ साली हल्ला झाला, तेव्हाही बाबासाहेबांनी त्यांना संयम सोडू दिला नव्हता. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाची ओळख शिस्त हीच होती. आज दलाचे जे सैनिक अभिवादनाच्या गर्दीत दिवसभर उभे राहतात, त्यांच्यातल्याच एखाद्याला प्रत्येक रॅलीच्या मागच्या गाडीवर बसवायला काय हरकत आहे?

अपघात झालाच तर काय करायचे, हेही बैठकीत सांगावे. १०८ ला फोन. जखमीला घोळक्याने उचलून रिक्षात कोंबू नये, हेल्मेट ओढून काढू नये. मदत करणाऱ्याला पोलीस वा दवाखाना अडकवून ठेवेल ही भीती सोडावी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आले, त्याने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

आमच्या विहारात यंदाची बैठक डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी आहे. कागदावर मी पहिली ओळ लिहून ठेवली आहे, 'शेवटची गाडी', आणि पुढे जागा मोकळी सोडली आहे. त्या रात्री बुलेट चालवणाऱ्या पोराने परवा घरी येऊन सांगितले, काका, तिथे माझे नाव लिहा.