ऋतुमानाप्रमाणें वाचन



कोणतें पुस्तक वाचावें याविषयीं सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. परंतु तें वर्षाच्या कोणत्या काळीं वाचावें, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाहीं. आहाराच्या बाबतींत मात्र हा विचार आपण कोणीं न सांगतां करतों. संक्रांतीस तीळगूळ, उन्हाळ्यांत पन्हें, पावसाळ्यांत पचावयास हलकें अन्न, हें आपल्या घरांत कोणास शिकवावें लागत नाहीं. मनाच्या आहारासहि असा ऋतुक्रम असावा, व तो पाळल्यानें वाचनाचा आनंद आणि विस्तार हे दोन्ही वाढतात, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

ही कल्पना नवी नव्हे. आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने म्हणजे चातुर्मास. पूर्वीं या दिवसांत नद्यांना पूर येत, वाटा बंद होत, आणि माणसें घरीं असत. म्हणून पोथी लावण्याचा हाच काळ. श्रावणांत श्रीधरांचें शिवलीलामृत किंवा पांडवप्रताप, पुढें मार्गशीर्षांत दत्तजयंतीच्या सुमारास गुरुचरित्राचा सप्ताह, माघांत दासनवमीच्या निमित्तानें दासबोध, असें जणूं वर्षाचें वेळापत्रकच ठरलेलें असे. एक जण वाची आणि सारें घर ऐके. यांतील श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी एक व्यावहारिक शहाणपण उरतेंच: ज्या वेळीं फुरसत, त्या वेळीं ग्रंथ, आणि जसा काळ, तसा ग्रंथ.

छापखाना आला तरी ही संवय मोडली नाहीं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ सालीं आपल्या ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि फराळाच्या ताटाबरोबर अंक ही चाल महाराष्ट्रांत रूढ झाली. ती आजतागायत चालूं आहे.

आतां प्रत्येक ऋतूंत काय वाचावें, याची एक साधी योजना सांगतों. उन्हाळ्यांत मुलांना सुट्टी असते आणि प्रत्येकास कोठें तरी जावेंसें वाटतें. तेव्हां प्रवासवर्णनें घ्यावींत. गोडसे भटजींचें ‘माझा प्रवास’ हें पुस्तक चिंतामणराव वैद्य यांच्या संपादनाखालीं १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. वरसईचा हा भिक्षुक द्रव्यार्जनासाठीं उत्तरेकडे निघाला, १८५७ च्या धामधुमींत सांपडला, आणि झांशीच्या वेढ्याच्या वेळीं त्याच शहरांत होता. दुपारच्या उन्हांत घराबाहेर न पडतां याहून दूरचा प्रवास घडणें कठीण! ज्यांस खरोखरच बाहेर जाणें शक्य आहे, त्यांनीं पांचगणीजवळचें भिलार पाहावें. हें गांव २०१७ पासून ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून ओळखलें जातें, आणि तेथें घराघरांतून पुस्तकें वाचावयास ठेवलेलीं आहेत.

पावसाळा हा काव्याचा व चिंतनाचा काळ. कालिदासाच्या मेघदूतांतील यक्षास मेघ दिसतो तो आषाढांत. त्याचा रामगिरि म्हणजे आपलें नागपूरजवळचें रामटेक, असें अनेक विद्वान् मानतात. संस्कृत येत नसल्यास मराठी अनुवाद आहेत. ज्या घरीं श्रावणांत पांडवप्रतापाची परंपरा आहे, तेथें त्याच्या शेजारीं इरावती कर्वे यांचें १९६७ चें ‘युगान्त’ ठेवावें. एक ग्रंथ भक्तीनें कथा सांगतो, दुसरा त्याच व्यक्तींची चिकित्सा करतो. दोन्ही वाचणारास महाभारत अधिक कळतें.

शरदांत दिवाळी अंक. त्यांत एका ठिकाणीं अनेक लेखक भेटतात. ज्यांचें लेखन आवडलें त्यांचीं नांवें टिपून ठेवावींत व पुढें त्यांचीं पुस्तकें मिळवावींत. हेमंत व शिशिर या ऋतूंत रात्री मोठ्या असतात. तेव्हां हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाला’सारखी दीर्घ कादंबरी किंवा लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ हातीं घ्यावींत. आणि चैत्र लागतांच दुर्गा भागवत यांचें १९५६ चें ‘ऋतुचक्र’ उघडावें. त्यांत बारा महिन्यांचें निसर्गवर्णन आहे. महिन्यास एक लेख वाचून खिडकीबाहेरचें झाड पाहिलें, म्हणजे पुस्तक व सृष्टि दोन्ही एकदमच वाचून होतात.

कोणी म्हणेल, चांगल्या पुस्तकास ऋतु कशाला? खरें आहे; मेघदूत माघांत वाचलें म्हणून पाप लागत नाहीं. परंतु नुसत्या आवडीवर सोडलेला वाचक एकाच प्रकारचीं पुस्तकें वाचीत राहतो. कादंबरीचा भक्त चरित्राकडे वळत नाहीं, आणि इतिहासाचा अभ्यासक कवितेस हात लावीत नाहीं. ऋतु बदलतांच वाचनाचा प्रकार बदलावयाचा, एवढा नेम केला कीं, वर्षाअखेर प्रवास, काव्य, चिंतन, कादंबरी, आत्मचरित्र हे सर्व प्रांत सहज फिरून होतात.

जन्मभर मुलांना शिकविल्यावर माझी एक समजूत पक्की झाली आहे. क्रमिक पुस्तकांपलीकडे मूल वाचील कीं नाहीं, हें शाळेपेक्षां घरावर अधिक अवलंबून असतें. ज्या घरांत वडील मंडळी संध्याकाळीं हातांतल्या मोबाईलमध्येंच डोकें घालून बसतात, तेथें मुलास वाचनाचा उपदेश करणें व्यर्थ होय. उलट, आठवड्यांतून एक दिवस अर्धा तास एकानें वाचावें व इतरांनीं ऐकावें, ही जुनी पोथीची पद्धत आजहि चालण्यासारखी आहे.

खर्चाची सबबहि टिकणारी नाहीं. रत्नागिरीचें नगर वाचनालय १८२८ चें, पुणें नगर वाचन मंदिर १८४८ चें, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चें. पूर्वजांनीं ग्रंथालयें उभारलीं तीं आपण सभासद व्हावें म्हणूनच.

शेवटीं एक गृहकृत्य. पावसाळ्याची ओल पुस्तकांची वैरी. तिच्यानें बुरशी येते आणि कसर लागते. तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून मला सांभाळा, अशी विनवणी जुने लेखक पोथीच्या अखेरीस ग्रंथाच्याच तोंडीं घालीत. म्हणून पाऊस उघडल्यावर कपाटांतील पुस्तकें काढावींत, झटकावींत, कोंवळें ऊन व वारा दाखवून पुन्हा लावावींत. या कामास मुलांना बरोबर घ्यावें. पुस्तकें हाताळतां हाताळतां त्यांतील एखादें उघडून मूल तेथेंच वाचीत बसलें, तर त्यास उठवूं नये. उरलेलीं पुस्तकें आपण लावावींत.