पाहुण्यांचं नेट, घरचं नेट : पैठणच्या यात्री निवासातला एक दिवस

सकाळी ७.३०

संभाजीनगरहून निघून चितेगाव, बिडकीन, ढोरकीन करत पैठणला पोचलो की मी आधी गोदावरीच्या घाटावर चक्कर मारतो. वायफायचा आराखडा करायला आलेल्या माणसाचंही पहिलं काम तिथेच असतं, कारण गावात कोण उतरतंय ते घाटावर दिसतं. मोक्षघाटावर दशक्रियेसाठी आलेली कुटुंबं, नाथसागरावर पक्षी बघायला निघालेली कॅमेरावाली पोरं, लग्नाची पैठणी घ्यायला आलेल्या मायलेकी, एमआयडीसीत मशीन बसवायला आलेले इंजिनिअर. रात्री हीच मंडळी लॉजवर असतात आणि प्रत्येकाची नेटची गरज वेगळी. दशक्रियेला आलेल्याला परदेशातल्या भावाला व्हिडिओ कॉलवर विधी दाखवायचा असतो. त्या वेळी चित्र अडकलं तर तो विधी काही पुन्हा होत नाही.

सकाळी ८.३०

आजचं यात्री निवास जुन्या गावात आहे. पुढे देवडी, चौक आणि ओसरी असलेला वाडा, मागे अलीकडे बांधलेली तीन मजली स्लॅबची इमारत. मिळून बारा खोल्या. मालक काकांनी चहा मागवला आणि थेट मुद्द्यावर आले. "भाऊ, षष्ठी तोंडावर आली. पाहुण्याला नेटसाठी आमच्याकडं हेलपाटे मारायची पाळी येऊ नाही, एवढं बघा."

काउंटरवर नेटवाल्याने दिलेला एकच राउटर. शेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात पासवर्ड. बुकिंगचा कॉम्प्युटर, बिलाचा प्रिंटर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, नोकरांचे मोबाइल आणि पाहुणे, सगळे त्याच एका नेटवर. मी पुठ्ठ्यावरचा पासवर्ड टाकून पाहुण्यासारखा जोडलो आणि नेटवरची उपकरणं दाखवणारं अॅप उघडलं. यादीत प्रिंटर दिसला, कॉम्प्युटर दिसला, रेकॉर्डर दिसला. रेकॉर्डरचा पासवर्ड कंपनीतून आला तोच होता. काकांच्या परवानगीने तो टाकला, तर देवडीतला कॅमेरा माझ्या फोनवर चालू झाला. काका बराच वेळ त्या पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे कुणी बी बघू शकतंय?"

हो, कुणीही. वाड्यात आल्यागेल्याला ओसरीवर बसवतात, पाणी देतात, जेवू घालतात. माजघर आणि कोठीची खोली मात्र घरच्यांची असते. नेटचीही हीच रीत हवी. संत एकनाथांच्या गावात पाहुण्याचा मान ठेवायचाच, त्यासाठी कोठीची किल्ली हातात द्यावी लागत नाही.

सकाळी ९.३०

आता टेप, आलेखाची वही आणि फोनमधलं सिग्नल मोजायचं अॅप. पुढचे दोन तास फिरण्याचे. दर खोलीत जायचं, दार लावून घ्यायचं आणि पलंगाच्या उशाशी उभं राहून मोजायचं. दार उघडं ठेवून घेतलेलं माप कामाचं नाही, कारण पाहुणा दार लावूनच झोपतो.

सिग्नलचा आकडा उणे डेसिबलमध्ये येतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे गेलं की तक्रारी सुरू. काउंटरजवळ उणे ४५ होतं. वाड्याची दोन फुटांची भिंत ओलांडून आतल्या खोलीत गेलो तर उणे ८१. दगड, विटा आणि मातीची जाड भिंत लहरी गिळून टाकते. ५ गिगाहर्ट्झवर नेटचा वेग जास्त, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हरतात. २.४ च्या लहरी जास्त आत शिरतात, पण तिथे गर्दी फार. आजूबाजूच्या घरांचे राउटर त्याच पट्ट्यात, आणि एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. म्हणून एकच ताकदवान राउटर आणून भागत नाही. राउटर कितीही जोरात बोलला तरी खिशातल्या फोनचा आवाज तेवढाच राहतो, आणि संभाषण दोन्हीकडून व्हावं लागतं. इलाज एकच : कमी ताकदीचे, जास्त ठिकाणी लावलेले अॅक्सेस पॉइंट. वहीत पाच जागा निघाल्या. ओसरीवर एक, माडीवर एक, मागच्या इमारतीत दर मजल्याला एक. मजल्यांवरचे एकावर एक न ठेवता आलटूनपालटून दोन टोकांना, म्हणजे वरच्याचा सिग्नल खालच्या रिकाम्या टोकालाही मिळतो.

सकाळी ११.३०

हिशेब माणसांचा. एरवी बारा खोल्यांत तीस-पस्तीस माणसं. पण पैठणला एरवीचा हिशेब धरून चालत नाही. फाल्गुन वद्य षष्ठीला, एकनाथ महाराजांनी १५९९ मध्ये जलसमाधी घेतली त्या तिथीला, लाखो वारकरी इथे येतात आणि अष्टमीच्या काल्यापर्यंत गाव भरलेलं असतं. त्या दिवसांत चौकात आणि ओसरीवर अख्खी दिंडी पथारी टाकते. गर्दीने मोबाइलचं नेटवर्क गुदमरतं आणि सगळे फोन वायफाय शोधू लागतात.

इथे एक बारीक गोष्ट आडवी येते. राउटर प्रत्येक फोनला एक पत्ता देतो. नेहमीच्या मांडणीत असे २५४ पत्ते असतात आणि बऱ्याच राउटरांत दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवलेला असतो. सकाळची दिंडी निघून गेली तरी तिचे पत्ते अडकलेलेच. दुपारची दिंडी आली की पत्ते संपतात. फोनवर सिग्नल पूर्ण दिसतो, नेट मात्र चालत नाही, आणि सगळे नेटवाल्याच्या नावाने ओरडतात. उपाय फुकट आहे : मुदत दोन तासांवर आणायची आणि पत्त्यांचा साठा वाढवून ५१० करायचा.

मग वेगाची वाटणी. लाइन १०० एमबीपीएसची आहे. पाहुण्याच्या प्रत्येक फोनला ५ ची मर्यादा, तेवढ्यात व्हिडिओ नीट दिसतो. काउंटरच्या कामाला मात्र पहिला मान. यूपीआयचा व्यवहार, बुकिंग, परदेशी पाहुण्याची चोवीस तासांत करायची ऑनलाइन नोंद, यांना लागतं थोडंच, पण ते लागेल त्या क्षणी मिळालं पाहिजे.

दुपारी १.००

जेवण स्वयंपाकघरातच. बाजरीची भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. खोल्या आवरणाऱ्या मावशींनी वाढता वाढता विचारलं, "दादा, आमच्या मोबाइलला कोणतं नेट?" प्रश्न मोलाचा होता. कर्मचाऱ्यांचं नेट म्हटलं की मालक सगळ्या नोकरांचे फोन ऑफिसच्या नेटवर चढवतात. पण त्या फोनमध्ये काय काय उतरवलेलं आहे ते कोण बघणार? मावशींचा स्वतःचा फोन पाहुण्यांच्या बाजूला, आणि त्यांना वर्षभर चालेल असं नेटचं वेगळं कूपन. ऑफिसच्या बाजूला फक्त यात्री निवासाच्या मालकीची यंत्रं. कॅमेरे तिसऱ्या, अगदी बंद कप्प्यात. तारा त्याच, स्विच तोच. स्विचमध्ये व्हीलॅन नावाची सोय असते, ती एका तारेत हे तीन कप्पे एकमेकांना न दिसता चालवते. वायफायची नावं दोनच ठेवायची, कारण प्रत्येक नाव हवेत सतत हाकारा देतं आणि तितका वेळ सगळ्यांचाच खातं.

दुपारी २.३०

पासवर्डचा विषय काकांना कटकटीचा वाटत होता. "पाहुणेच आहेत, खुलं ठेवू की." तेव्हा मी त्यांना २००८ ची गोष्ट सांगितली. २६ जुलैच्या अहमदाबाद स्फोटांआधी काही मिनिटं धमकीचा ईमेल गेला. तपास येऊन थांबला नवी मुंबईत, सानपाड्यातल्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी. त्याचं वायफाय असुरक्षित होतं आणि दुसऱ्याच कुणी ते वापरलं होतं. पुढे फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याबाबत नेट कंपन्यांना सूचना काढल्या. सायबर सुरक्षेचं काम बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपायला सांगितलं आहे.

ओटीपीची पद्धत अनेक ठिकाणी असते, पण परदेशातलं सिम घेऊन आलेल्याला किंवा फोन बंद पडून मुलाच्या टॅबवर बसलेल्या आजोबांना ती अडते. इथे कूपन ठरलं. खोली देताना चिठ्ठी, चेकआउटला ती आपोआप बाद. कोणतं कूपन कोणत्या खोलीला दिलं ते रजिस्टरमध्ये. पाहुण्याने काय पाहिलं ते लिहायचं नाही, वायफायसाठी आधारचा क्रमांक मागायचा नाही. जी माहिती आपल्याकडे नाही, ती आपल्याकडून फुटतही नाही. आणि एका पाहुण्याचा फोन दुसऱ्याच्या फोनला दिसू नये, यासाठीची सेटिंगमधली खूण आठवणीने लावायची.

दुपारी ४.००

तारांचा मार्ग. दर अॅक्सेस पॉइंटला एक कॅट-सिक्स तार. त्याच तारेतून डेटा आणि वीज दोन्ही जातं, म्हणून वर वेगळा प्लग लागत नाही. एका तारेची मर्यादा १०० मीटर, इथे सगळं त्याच्या आत बसतं. वाड्यातली सागवानी तुळई आणि कोरीव खांब यांना ड्रिल लावायचं नाही, हे सुतारकाकांसमोर ठरवलं. तार तुळईच्या मागच्या अंगाने क्लिपांवर जाईल. विजेच्या पाइपात डेटाची तार घालायची नाही. वाडा आणि मागची इमारत यांच्यामध्ये उघडा चौक आहे. तिथे तांब्याऐवजी फायबर, म्हणजे वळवाच्या पावसात वीज कडाडली तर एकीकडचा झटका तारेतून दुसरीकडच्या स्विचपर्यंत पोचणार नाही.

लाइट गेल्यावर काय? पाच अॅक्सेस पॉइंट, स्विच, राउटर आणि फायबरचा डबा मिळून ९० वॅटच्या आसपास. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची असं धरलं तरी आठेक तास निघतात. नेटवाल्याची फायबर तुटली तर काउंटरपुरता सिमकार्डचा राउटर.

संध्याकाळी ६.००

खर्चाची बोलणी. काकांना महाग अॅक्सेस पॉइंट आणि स्वस्त तारा हव्या होत्या. मी उलटं सुचवलं. अॅक्सेस पॉइंट पाच-सात वर्षांत जुना होतो, बदलायला दहा मिनिटं लागतात. भिंतीतली तार वीस वर्षं राहते. पैसा तारेत, पाइपात आणि बॅटरीत घाला. भिंतीवरची पेटी मध्यम चालेल. कॅमेऱ्याचा पासवर्ड मात्र आजच बदलला, त्याला पैसे लागत नाहीत.

संध्याकाळी ७.३०

आराखड्याचं एक पान काकांच्या हाती दिलं : पाच जागा, तारांचे मार्ग, तीन कप्पे, कूपनची पद्धत. सगळे मुख्य पासवर्ड बंद पाकिटात, काकूंच्या कपाटात. बसवणाऱ्याकडेच किल्ल्या राहिल्या तर मालक कायमचा त्याच्यावर अवलंबून राहतो. हे चांगलं नाही, माझ्यासारख्याच्या बाबतीतही नाही.

पैठणला, तुळजापूरला, पंढरपूरला नवी यात्री निवासं बांधली जात आहेत. ती बांधणाऱ्यांना एवढीच विनंती : प्लंबर आणि वायरमनच्या बरोबरीने नेटवर्कवाल्यालाही प्लास्टरच्या आधी बोलवा. त्या वेळी दर खोलीपर्यंत टाकलेला रिकामा पाइप नंतरच्या सगळ्या तोडफोडीपेक्षा स्वस्त पडतो.