औषध नेमकं कुणाला धरतं?

गेल्या महिन्यात आमच्या विभागातली कोल्ड रूम मोडीत निघाली. तिथं आता संगणक येतील. जागेची अडचण मलाही कळते. झोंबलं ते ‘कॉलम हल्ली लावतो कोण?’ हे वाक्य. औषध बांधून अर्कातून त्याचं प्रथिन गाळायचा कॉलम आम्ही तिथंच लावायचो.

औषध लागू पडतं हे आधी दिसतं. ते पेशीतल्या कोणत्या प्रथिनाला धरतं, हे कळायला पिढ्या जातात. कोल्चिसिन शतकानुशतकं वापरात होतं. किरणोत्सारी कोल्चिसिनच्या मदतीनं त्याचं ट्युब्युलिन सापडलं १९६०च्या दशकात.

आमचं दशक सुरू झालं १९८९मध्ये. अवयवरोपणात शरीराचा विरोध दाबणारं एफके-५०६ हार्वर्डच्या स्टुअर्ट श्रायबर यांच्या गटानं रेझिनला बांधलं, त्यावरून वासराच्या थायमसचा अर्क सोडला आणि चिकटून राहिलेलं एफकेबीपी वेगळं काढलं. ते प्रथिनांच्या घडीला वेग देतं आणि औषध ते काम थांबवतं. झालं, गुपित उकललं, असं वाटलं. पण ५०६बीडी नावाचा कृत्रिम रेणूही तेच काम थांबवायचा, आणि प्रतिकारशक्तीला मात्र धक्का लावायचा नाही! म्हणजे चिकटणं खरं, अर्थ चुकीचा. १९९१मध्ये उलगडा झाला: औषध आणि एफकेबीपी जोडीनं कॅल्सिन्युरिनला अडवतात. वेगळ्या प्रथिनाशी जोडी जमवून सायक्लोस्पोरिनही तिथंच पोचतं. तो पेपर वाचून मी कामाची दिशा ठरवली.

१९९६मध्ये ट्रॅपॉक्सिनच्या आधारे, याच वाटेनं, हिस्टोन डीअ‍ॅसिटिलेज हाती लागलं. इकडे निधी देणाऱ्या समित्या मात्र आम्हाला विचारत, “तुमचं गृहीतक कुठंय?” काय सापडेल ते आधीच ठाऊक असतं, तर अर्क कशाला गाळला असता? १९६१मध्ये बाजारातून मागे घेतलेल्या थॅलिडोमाइडचं सेरेब्लॉन २०१०मध्ये टोकियोच्या हिरोशी हांडा यांच्या गटाला मिळालं, तेही औषध मण्यांना बांधूनच. त्या समित्यांना यापेक्षा वेगळं उत्तर मला द्यायचं नाही.

२०१३पासून औषध न बांधताही शोध घेता येतो: औषधानं धरलेलं प्रथिन बहुधा जास्त उष्णता सोसतं, त्यावरून. ही पद्धत मला मनापासून आवडते. तीही टेबलावरच करावी लागते.

आता विद्यार्थी डॉकिंगचं, म्हणजे संगणकानं रेणू प्रथिनात बसवून दाखवल्याचं, रंगीत चित्र आणतात आणि खाली ‘लक्ष्य’ लिहितात. ओटीएस९६४चं लक्ष्य पीबीके मानलं जात होतं. २०१९मध्ये क्रिस्परनं ते जनुकच काढलं, तरी पेशी औषधानं मरतच राहिल्या. खरं लक्ष्य निघालं सीडीके११. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, निष्क्रिय जुळा रेणू वापरून पाहिला का? जनुक काढून पाहिलं? नसेल, तर मी प्रबंधावर सही करत नाही.