मोगादोर: सुलतानाने वसवलेले बंदर

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर, माराकेशच्या पश्चिमेला, एका खडकाळ भूशिरावर एसाविरा वसले आहे. युरोपीय खलाशी त्याला मोगादोर म्हणत. किनारा उघडा, लाटा दांडग्या आणि उन्हाळ्यात उत्तरेचा वारा थांबायचे नाव घेत नाही. पण समोरच एक बेट आहे आणि त्याच्या आडोशाला जहाजांना नांगर टाकता येतो. या गावाचे सारे नशीब त्या आडोशाने घडवले.

इ. स. पूर्व सातव्या शतकात फिनिशियन व्यापारी या बेटावर येत होते. पुढे मॉरेतानियाचा राजा जुबा दुसरा याने इथे समुद्री गोगलगायींपासून जांभळा रंग काढण्याचा उद्योग चालवला. रोमन उमरावांच्या वस्त्रांना या रंगाचा काठ असे. १५०६ मध्ये पोर्तुगालचा राजा मॅन्युएल याच्या हुकुमावरून इथे किल्ला उभा राहिला. स्थानिकांनी तो १५१० मध्ये पाडाव केला. त्याच वर्षी, त्याच राजाच्या अमदानीत, पोर्तुगीजांनी गोवा घेतला. तो मात्र त्यांनी साडेचारशे वर्षे सोडला नाही.

आजचे शहर सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्लाह याचे. युरोपशी होणारा व्यापार एका जागी आणावा आणि जकात थेट खजिन्यात यावी, म्हणून १७६० च्या दशकात त्याने ते वसवले. दक्षिणेचे अगादीर बंदर व्यापाराला बंद केले. फ्रेंच अभियंता थिओडोर कोर्नू याने सरळ रस्ते आणि तटबंदी आखली. ज्यू व्यापाऱ्यांना सुलतानाने घरे दिली, भांडवल दिले. ते ‘तुज्जार अस्-सुलतान’, सुलतानाचे व्यापारी, म्हणून ओळखले गेले.

सहारा ओलांडून उंटांचे तांडे सोने, हस्तिदंत आणि शहामृगाची पिसे घेऊन येत. जवळच्या मुलखातून बदाम, डिंक, कातडी येई. जहाजांतून उतरे इंग्लंडचे सुती कापड आणि ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आणलेला चिनी हिरवा चहा. मोरोक्कोत पुदिन्याचा चहा घरोघर रुजला, त्यात या धक्क्याचा मोठा वाटा आहे.

त्याच तांड्यांबरोबर माणसेही विकायला आणली जात. हा भाग वगळून मोगादोरच्या भरभराटीचे वर्णन करणे अप्रामाणिक ठरेल. त्या गुलामांच्या वंशजांनी जोपासलेल्या ग्नावा संगीताचा महोत्सव इथे १९९८ पासून भरतो. २०१९ मध्ये युनेस्कोने ही परंपरा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

उतार लागला तो १८४४ पासून. फ्रेंचांविरुद्ध लढणाऱ्या अल्जेरियाच्या अब्देल कादिरला मोरोक्कोने साथ दिली म्हणून फ्रेंच आरमाराने शहरावर तोफा डागल्या. पुढे सहारापलीकडचा माल फ्रेंचांच्या ताब्यातील सेनेगलकडे वळू लागला. उथळ बंदरात मोठ्या आगबोटी येईनात. १९१२ मध्ये फ्रेंच संरक्षित राज्य आले आणि कासाब्लांका मोठे झाले.

या पीछेहाटीने एक उपकार केला. नव्या गोद्यांसाठी जुने गाव कोणी पाडले नाही. ऑर्सन वेल्सने ‘ऑथेल्लो’ चित्रपटासाठी हीच तटबंदी निवडली, आणि २००१ मध्ये जुने शहर जागतिक वारसास्थळ झाले. आज सार्डिन मासे, अर्गान तेल, थुया लाकडाचे कोरीवकाम आणि पर्यटक यांवर गाव चालते.

एकेकाळी लोकसंख्येचा मोठा हिस्सा असलेला ज्यू समाज विसाव्या शतकात जवळपास सारा निघून गेला. तरीही २०२० मध्ये त्यांच्या इतिहासाचे ‘बैत दाकिरा’ हे संग्रहालय जुन्या गावातच उघडले. गेलेल्या शेजाऱ्यांचा इतिहास स्वतःचा म्हणून सांगणारी बंदरे भूमध्य आणि अटलांटिकच्या किनाऱ्यांवर फार थोडी आहेत. एसाविरा त्यांतले एक आहे.