विज्ञान पदवीकडून वैद्यकीय पदवीकडे : नियम आणि महाविद्यालयाची भूमिका

बी.एस्सी. प्रथम वर्षात नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींचे लक्ष वर्गापेक्षा 'नीट'च्या पुढील प्रयत्नाकडे अधिक असते, हे अध्यापकांस नव्याने सांगावयास नको. असा विद्यार्थी कधीतरी विचारतो, "सर, बी.एस्सी. झाल्यावर एम.बी.बी.एस.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो का?" पुष्कळदा त्यास मोघम उत्तर मिळते आणि त्या मोघमपणात त्याचे एखादे वर्ष सहज जाते. म्हणून या प्रश्नाचे विवेचन येथे केले आहे.

उत्तर स्पष्ट आहे : असा प्रवेश मिळत नाही. उमेदवार बारावी उत्तीर्ण असो वा पदवीधर, एम.बी.बी.एस.चा प्रवेश प्रथम वर्षातच आणि 'नीट'मधील गुणवत्तेनुसारच होतो. पुढे साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता सर्वांना सारखीच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधील श्रेयांक पेढीच्या चर्चेमुळे संभ्रम वाढला आहे. तथापि त्याच धोरणाने प्रस्तावित उच्च शिक्षण आयोगाच्या कक्षेतून वैद्यकीय व विधी शिक्षण वगळले आहे. वैद्यकीय शिक्षणाचे नियमन 25 सप्टेंबर 2020 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे.

यामागे शैक्षणिक कारण आहेच. प्रथम वर्षात शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र व जीवरसायनशास्त्र हे विषय एकमेकांशी जोडून, शवविच्छेदनासह शिकवले जातात. प्राणिशास्त्राच्या पदवीत शिकलेले शरीरक्रियाशास्त्र मानवी शरीररचनेच्या अशा अभ्यासाशी बांधलेले नसते. जीवरसायनशास्त्राच्या पदवीधरास त्या एका विषयात सवलत देण्यास मात्र तात्त्विक अडचण फारशी दिसत नाही. अडचण प्रशासकीय अधिक असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अन्यत्र पदवीधरांसाठी निराळी वाट आहे. ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स विद्यापीठाने 1996 मध्ये, तर इंग्लंडमध्ये लंडनच्या सेंट जॉर्जेस संस्थेने 2000 मध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. अमेरिकेत तर आधी पदवी व नंतर वैद्यकीय शिक्षण हाच सर्वसाधारण क्रम आहे.

आपल्याकडेही ही दोन क्षेत्रे पूर्वी इतकी विभक्त नव्हती. 1970 च्या दशकात 10+2+3 आकृतिबंध येण्यापूर्वी वैद्यकीय प्रवेश इंटर सायन्सच्या गुणांवर ठरत असे. म्हणजे वैद्यकाची वाट विज्ञान महाविद्यालयाच्या वर्गातूनच जात होती. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या 1997 च्या विनियमांत, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र घेऊन त्रिवर्षीय पदवीचे प्रथम वर्ष उत्तीर्ण झालेल्यासही पात्र मानणारे कलम होते. त्यात या जुन्या व्यवस्थेची खूण दिसते. अर्थात ही केवळ पात्रता; अभ्यासक्रमातील सूट नव्हे.

पात्रतेविषयी दोन बदल अध्यापकांनी ध्यानात ठेवावेत. 'नीट'साठीची कमाल वयोमर्यादा 2022 मध्ये काढून टाकण्यात आली. त्यामुळे पदवी पूर्ण केलेला विद्यार्थीही परीक्षेस बसू शकतो. दुसरा बदल गणित घेऊन बारावी झालेल्यांसाठी आहे. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र उत्तीर्ण होणाऱ्यास आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये पात्र ठरवले. पूर्वी अशा विद्यार्थ्याला आपण 'आता मार्ग बंद' असे सांगत होतो. ते उत्तर आता चुकीचे ठरेल.

पदवीच्या अभ्यासाचा 'नीट'साठी किती उपयोग होतो? अपेक्षेपेक्षा कमी. परीक्षा अकरावी-बारावीच्या अभ्यासक्रमावर असते. 720 पैकी 360 गुण जीवशास्त्राचे, तर भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे प्रत्येकी 180. वनस्पतिशास्त्र-प्राणिशास्त्र-रसायनशास्त्र हा गट घेतलेल्या विद्यार्थ्याचा भौतिकशास्त्राशी संबंध तुटतो आणि घसरण नेमकी तेथे होते. तृतीय वर्षात जनुकशास्त्र उत्तम समजलेली विद्यार्थिनी प्रकाशिकीच्या उदाहरणांपाशी अडखळते, यात तिच्या बुद्धिमत्तेचा दोष नाही. शिवाय स्पर्धा मोठी : 2024 मध्ये 23 लाखांहून अधिक उमेदवार परीक्षेस बसले होते.

प्रवेश मिळालाच, तर पुढचा प्रश्न कागदपत्रांचा. प्रवेशफेऱ्या लांबतात, तोवर आपले सत्र बरेच पुढे गेलेले असते आणि जागा मिळाल्यावर मूळ गुणपत्रिका व महाविद्यालय सोडल्याचा दाखला अल्प मुदतीत हजर करावा लागतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या अधिसूचनेनुसार मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयास ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून ती परत करावयाची असतात. कार्यालयात 'उद्या या' म्हणणे येथे केवळ गैरसोयीचे नसते, त्यात मिळालेली जागा जाऊ शकते.

ज्यांना प्रवेश मिळत नाही, त्यांची संख्या अर्थातच अधिक. प्रात्यक्षिकांच्या वह्या अपुऱ्या, अंतर्गत परीक्षा बुडालेल्या, अशा स्थितीत ते द्वितीय वर्षात येतात. प्रथम सत्रारंभीच विभागाने त्यांची निराळी नोंद ठेवून प्रात्यक्षिकांचे वेळापत्रक त्यांच्याशी ठरवून घ्यावे. वैद्यक क्षेत्राची ओढ कायम असल्यास शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आदी विषयांतील तीन वर्षांची एम.एस्सी. (वैद्यकीय) पदवी काही वैद्यकीय महाविद्यालयांत विज्ञान पदवीधरांस खुली आहे. मात्र या पदवीने अध्यापन, संशोधन वा प्रयोगशाळेचे काम करता येते, रुग्णावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही, हेही त्यांना त्याच वेळी सांगावे.