काठीची दोन्ही टोकं

कुंग फू चित्रपटांची क्रमवारी लावायला मुंबईत चार जण बसले, की पहिला नंबर चर्चेशिवाय ठरतो : 'एंटर द ड्रॅगन'. दुसऱ्या नंबरासाठी ब्रूस लीचाच 'फिस्ट ऑफ फ्युरी' की जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर', यावर आवाज चढतात. तिसऱ्या-चौथ्याला 'पोलीस स्टोरी' येतो. 'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन'ला कुणीतरी आदरापोटी सातवी-आठवी जागा देतं आणि चहा मागवला जातो. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ही यादी मी थोड्याफार फरकाने ऐकत आलो आहे. ती चुकीची आहे, हे माझं म्हणणं जुनं आहे. या खेपेला ती चुकली कशी, हेही मांडायचं आहे. कारण दोष आपल्या आवडीचा कमी आणि ज्या पडद्यावर आपण हे चित्रपट पाहिले त्या पडद्याचा जास्त आहे.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे, म्हणून भराभर सांगतो. ब्रूस ली २० जुलै १९७३ रोजी हाँगकाँगमध्ये गेला, तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता. 'एंटर द ड्रॅगन' अमेरिकेत लागला तो त्यानंतर महिन्याभराने. आपल्याकडे त्या काळात हॉलिवूडच्या कंपन्या आणि सरकार यांच्यातला करार अडकून पडलेला होता, त्यामुळे नवे इंग्रजी चित्रपट उशिराच येत. ब्रूस ली आपल्यापर्यंत पोचला तो दंतकथा होऊनच. त्याच्या मागोमाग त्याच्या नावाची नक्कल करणारे आले, ब्रूस ले आणि ब्रूस लाय. सकाळच्या खेळाच्या पोस्टरवर एखादं अक्षर बदललेलं असे आणि तिकीट काढून आत गेल्यावर कळे, की हा तो नव्हे. तरी कुणी उठून जात नसे. शाळांच्या मैदानांवर आणि सोसायट्यांच्या गच्च्यांवर कराटेचे क्लास निघाले. सुताराकडून दोन दांडके कापून आणि सायकलच्या दुकानातून साखळी आणून घरोघरी नानचाकू तयार झाले. कपाळावर टेंगूळ आल्याशिवाय त्या वयातला मुलगा मोठा झाला नाही.

पण आपली यादी त्या थिएटरांत तयार झाली नाही. ती झाली त्यानंतर, व्हिडिओवर.

१९८२ च्या एशियाडनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर उपनगरांतल्या घरांत शिरले. व्हिडिओ लायब्रऱ्या निघाल्या, शनिवार-रविवारी वर्गणी काढून व्हीसीआर भाड्याने आणायची पद्धत पडली, आणि दोन हिंदी चित्रपटांच्या सोबत एक 'चायनीज फायटिंगचा' यायचाच. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स स्टुडिओचे जे चित्रपट इथल्या थिएटरांत कधी लागलेच नाहीत, ते याच वाटेने आपल्याला भेटले. कॉपीवरून कॉपी केलेली कॅसेट, अमेरिकन उच्चारांचं डबिंग, मधेच पट्टे. हे सगळं चालवून घेता येत होतं. चालवून घेता न येण्यासारखी गोष्ट वेगळीच होती आणि तिच्याकडे तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

शॉ ब्रदर्सचे चित्रपट 'शॉस्कोप'मध्ये चित्रित होत. चित्राची रुंदी उंचीच्या जवळजवळ अडीचपट. टीव्हीचा पडदा मात्र चौकोनी, चारास तीन. उंची पूर्ण भरायची म्हटली की रुंदीतलं चाळीस टक्क्यांहून अधिक चित्र कापलं जाई. संवादाच्या प्रसंगात एक बोलणारा गायब झाला तरी कथा कळते. लढतीत काय होतं? डावीकडचा वार करतो आणि तो वार चौकटीबाहेर जाऊन कुणाला लागतो ते दिसत नाही. भाल्याचं पातं दिसत नाही, काठीचं टोक दिसत नाही. उरतो मधला एक माणूस, हवेत हात हलवणारा.

ब्रूस ली या कापाकापीतून वाचला, कारण त्याची लढत मुळातच एका माणसाची आहे. तो मध्यभागी, समोरचा केवळ पडण्यापुरता. कॅमेऱ्याला त्याचा चेहरा, त्याची पाठ, त्याचा थांबलेला हात एवढंच हवं असतं, आणि ते चौकोनातही मावतं. यात ब्रूस लीला कमी लेखण्याचा हेतू नाही. 'वे ऑफ द ड्रॅगन'मधली रोमच्या कलोसियमची लढत, चक नॉरिससमोरची, मी आजही तितक्याच आनंदाने पाहतो. हरलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर त्याचा पोशाख आणि पट्टा ठेवणारा ब्रूस ली मला 'एंटर द ड्रॅगन'मधल्या आरशांच्या खोलीतल्या ब्रूस लीपेक्षा मोठा वाटतो. जॅकी चॅनही वाचला, कारण त्याची करामत शिड्या, खुर्च्या, खांब यांच्याभोवती उभी-आडवी फिरते. मेला तो शस्त्रांचा चित्रपट, आणि त्याच्याबरोबर लाऊ कार-लियांग.

हे नाव आमच्या कंपूत मी इतक्या वेळा घेतलं आहे, की मी तोंड उघडताच मित्र ते पुरं करतात. त्यांची क्षमा मागून पुन्हा सांगतो. हाँगकाँगमध्ये दिग्दर्शक पुष्कळ झाले आणि उस्तादही पुष्कळ झाले. दोन्ही एकाच माणसात असं क्वचित घडलं. लाऊचे वडील लाऊ चाम हे लाम साई-विंगचे शिष्य, आणि लाम साई-विंग हा वाँग फेई-हुंगचा. ज्या वाँग फेई-हुंगवर क्वान ताक-हिंगला घेऊन १९४९ पासून डझनावारी कृष्णधवल चित्रपट निघाले, त्याच्याच परंपरेतला हा मुलगा त्या चित्रपटांत किरकोळ कामं आणि मारामाऱ्या करत मोठा झाला. पुढे दिग्दर्शक चांग चेहच्या चित्रपटांच्या लढती त्याने बसवल्या आणि १९७५ साली 'स्पिरिच्युअल बॉक्सर'पासून स्वतः दिग्दर्शन सुरू केलं. चांग चेहच्या चित्रपटांत रक्त वाहतं, मित्र मरतात, सूड पुरा होतो. लाऊला यातल्या कशातच फारसा रस नव्हता. त्याला रस होता शिकण्यात.

'थर्टीसिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन' (१९७८) घ्या. सुडाची कथा आहे, पण मधला प्रदीर्घ भाग नुसतं शिक्षण आहे. गॉर्डन लियूचा सान ते जेवणघरात जायला तरंगत्या ओंडक्यांवरून पाणी ओलांडायला शिकतो. ते जमेपर्यंत तो भिजतो आणि उपाशी राहतो. दंडांना पाती बांधून पाण्याच्या बादल्या वाहतो. हात खाली आला तर पातं बरगडीत शिरणार. डोकं न हलवता, दोन्ही गालांशी पेटत्या उदबत्त्या असताना, हलत्या दिव्याचा डोळ्यांनी पाठलाग करतो. जड टोकाच्या लांब दांड्याने, नुसत्या मनगटाच्या जोरावर, घंटा वाजवतो. या सगळ्यात एकही माणूस मरत नाही, एकही शत्रू दिसत नाही, आणि तरी जागचं हलावंसं वाटत नाही. मग परीक्षा घेणाऱ्या ज्येष्ठ भिक्षूच्या जोडसुऱ्यांपुढे तो पुन्हा पुन्हा हरतो आणि त्या हरण्यातून तीन तुकड्यांची काठी शोधून काढतो. शेवटी मागतो काय, तर छत्तिसावी खोली : मठाबाहेरच्या सामान्य माणसांना शिकवण्यासाठी.

मुलुंडच्या एका व्यायामशाळेत मी लहानपणी लाठी शिकलो. प्रावीण्य काही आलं नाही, पण एक गोष्ट मनगटात कायमची बसली. लाठीला दोन टोकं असतात. पुढचं टोक वार करतं तेव्हा मागचं टोक पुढच्या वाराची तयारी करत असतं. बघणाऱ्याला दोन्ही टोकं दिसली नाहीत तर त्याला लाठी दिसलीच नाही. लाऊला हे हाडामांसापासून ठाऊक होतं. त्याचा कॅमेरा मागे उभा राहतो, दोन्ही माणसं डोक्यापासून पावलांपर्यंत चौकटीत ठेवतो आणि दहा-बारा वार-प्रतिवार होईपर्यंत शॉट तोडत नाही. 'एट डायग्राम पोल फायटर' (१९८४) हा तर संपूर्ण काठीचाच चित्रपट. बापभावांच्या कत्तलीतून वाचलेला यांग घराण्याचा मुलगा मठात शिरू पाहतो, त्याला नकार मिळतो, तेव्हा तो स्वतःच स्वतःचं मुंडण करतो. घराण्याचा भाला त्याने आता काठी म्हणून चालवायचा आहे, ठार न मारता लढायचं आहे, आणि त्याच्या अंगातला राग ते होऊ देत नाही. चित्रण चालू असताना १९८३ मध्ये फू शेंग हा त्यातला तरुण नट मोटार अपघातात गेला आणि कथा बदलावी लागली. ते दुःख चित्रपटात उतरलं आहे, असं मला नेहमी वाटतं. शेवटी शवपेट्यांच्या राशीवरची लढत आहे. चौकोनी टीव्हीवर मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा नुसता गोंधळ दिसला होता. पुष्कळ वर्षांनी संपूर्ण रुंदीत पाहिली, तेव्हा प्रत्येक काठी कुठून निघाली आणि कुठे पोचली हे दिसत होतं.

संपूर्ण रुंदी आपल्याला मिळाली ती फार उशिरा. २००० साली सेलेस्टियल पिक्चर्सने शॉ ब्रदर्सचे साडेसातशेहून अधिक चित्रपट विकत घेतले, निगेटिव्ह साफ केल्या आणि डीव्हीडी काढल्या. तोवर आपल्या याद्या पक्क्या झाल्या होत्या.

दिग्दर्शक किंग हूची गोष्ट वेगळी. त्याच्या बाबतीत मला भांडायचं आहे ते आपल्या रसिक मंडळींशी. फिल्म सोसायटीच्या वर्तुळात मी उमेदीची वर्षं काढली. तिथे कुरोसावाचा सामुराई तलवार उपसतो तेव्हा सगळे श्वास रोखतात, आणि चिनी माणसाने हात उचलला की 'टाइमपास' म्हणतात. किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन'ला १९७५ साली कान महोत्सवात तांत्रिक श्रेष्ठतेचं पारितोषिक मिळालं होतं, हे सांगूनही एका जाणत्या समीक्षकाने मला 'मारामारीत कसलं झेन' असं सुनावलं होतं. मारामारीतच आहे. किंग हू आणि त्याचा लढती बसवणारा हान यिंग-चिएह यांनी पेकिंग ऑपेरातला ताल पडद्यावर आणला. 'कम ड्रिंक विथ मी' (१९६६) मधला खाणावळीचा प्रसंग पाहा. चेंग पेई-पेई टेबलाशी बसली आहे, भोवती गुंड, आणि बराच वेळ काही होतच नाही. मग एक हालचाल, पुन्हा स्तब्धता. कोकणातल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दशावतारात पखवाज आणि झांजेवर युद्धाचे पवित्रे घेतले जातात, ठोका थांबतो आणि राक्षस डोळे वटारून उभा राहतो, तशीच ही रचना. भांडुप-बोरिवलीच्या मैदानांवर रात्र रात्र दशावतार पाहणारे लोक किंग हूचे खरे प्रेक्षक होते, पण त्यांच्यापर्यंत त्याला कुणी नेलं नाही. चेंग पेई-पेई २०२४ च्या जुलैमध्ये गेली. 'क्राउचिंग टायगर'मधली जेड फॉक्स म्हणून तिला ओळखणाऱ्या किती जणांनी ते टेबल पाहिलं असेल?

ऐंशीच्या दशकातल्या निन्जा चित्रपटांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. जॅकी चॅनबद्दल इतरांनी भरपूर लिहिलं आहे. मी एवढंच म्हणेन, की 'ड्रंकन मास्टर'मधला म्हातारा युएन सिऊ-तिएन नसता तर जॅकी इतका खुलला नसता, आणि त्या दोघांना एकत्र आणणारा दिग्दर्शक युएन वू-पिंग हा त्या म्हाताऱ्याचाच मुलगा. सॅमो हंगचा 'प्रॉडिगल सन' (१९८१) मात्र आपल्या याद्यांत नसतो याचं मला वाईट वाटतं. विंग चुन शैलीतल्या लढती इतक्या जवळून आणि इतक्या स्वच्छ कुणी दाखवलेल्या नाहीत. नव्वदच्या दशकातला जेट ली मला आवडतो, पण तोवर नटांना हवेत उडवणाऱ्या तारा आल्या होत्या.

आपल्या मुंबईने या प्रेमाची परतफेड कशी केली? अंधेरीच्या फिल्मालयवाल्या मुखर्जी घराण्यातल्या देब मुखर्जींनी मिथुनला घेऊन 'कराटे' (१९८३) काढला. त्यातला उत्साह खरा होता. 'चांदनी चौक टू चायना'ने (२००९) प्रत्यक्ष गॉर्डन लियूला आणलं आणि त्याच्या हातून काही मोठं करून घेतलं नाही. ते पाहताना मी कळवळलो. वासन बालाचा 'मर्द को दर्द नहीं होता' हा मात्र सच्चा चित्रपट. २०१८ साली टोरांटोच्या मिडनाइट मॅडनेस विभागात त्याला प्रेक्षकांची पसंती मिळाली. व्हिडिओ कॅसेटवर वाढलेला मुंबईचा मुलगा, एका पायाचा कराटे मणी, आणि शॉट न तोडता लढू देणारा कॅमेरा. त्या एका पायात मला जिमी वांग यूच्या 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन'चा (१९६७) तुटलेला हात दिसला. थिएटरात माझ्याभोवती मोजकी माणसं होती.

आणि आता? अंधेरीचं अंबर-ऑस्कर, घाटकोपरचं ओडियन ही नावं नव्या मुलांना सांगावी लागतात. आजचे चाहते हुशार आहेत, माहिती त्यांना माझ्याहून जास्त आहे. पण ते चित्रपटांची क्रमवारी लावत नाहीत, लढतींची लावतात. तीन मिनिटांचा तुकडा, तोही मोबाईल उभा धरून. चारास तीनने निदान अर्ध्याहून अधिक चित्र शिल्लक ठेवलं होतं. उभ्या पडद्याने तेही ठेवलं नाही. ओंडक्यांवरून पडलेला, उपाशी राहिलेला सान ते त्यांनी पाहिलेलाच नसतो, म्हणून तीन तुकड्यांच्या काठीची किंमत त्यांना कळत नाही. हल्लीच्या आपल्या ॲक्शनपटांत तर दर सेकंदाला शॉट तुटतो. नटाला काय येतं आणि काय येत नाही, हे कळूच नये अशी ती व्यवस्था आहे.

माझी यादी विचारणाऱ्यांसाठी : पहिला 'थर्टीसिक्स्थ चेंबर', दुसरा 'पोल फायटर', तिसरा 'कम ड्रिंक विथ मी', चौथा 'प्रॉडिगल सन', पाचवा 'वे ऑफ द ड्रॅगन'. 'एंटर द ड्रॅगन' मी सहावा ठेवतो आणि त्यावरून दर वर्षी भांडण होतं. सातवा 'ड्रंकन मास्टर', आठवा 'अ टच ऑफ झेन', नववा 'माय यंग आंटी'. कारा हुईला त्यासाठी पहिल्याच हाँगकाँग फिल्म ॲवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं होतं. दहाव्या जागेवर लाऊचाच 'हीरोज ऑफ द ईस्ट', आणि इथे मी कुणाचं ऐकणार नाही. चिनी नवरा, जपानी बायको, दोघांचं आपापल्या विद्येवरून भांडण, मग जपानहून उस्ताद येतात आणि नवरा प्रत्येकाशी त्याच्या शस्त्राला साजेशा शस्त्राने लढतो. चित्रपटभर एकही माणूस मारला जात नाही. या यादीत एकाच दिग्दर्शकाचे चार चित्रपट आहेत, असा आक्षेप येतो. पाचवा घालायची माझी तयारी आहे. ब्रूस लीचा कोणता काढायचा ते आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावं.